शिडं शिवणाऱ्याचं एक वर्ष: ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५

पार्श्वभूमी

मांडव्यापासून फार लांब नसलेल्या एका गावात, पत्र्याच्या गाळ्यात, शिडं शिवणारा एक कारागीर आहे. इथे त्यांना शिडकर म्हणू. खरं आडनाव वेगळं आहे, आणि ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी त्यांचा जमाखर्च पाहतो, त्यामुळे या वर्षातला बराचसा भाग मला वह्यांतून कळला आणि उरलेला त्यांच्या ओटीवर बसून. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मसुदा वाचला आणि दोन जागी "असं नव्हतं झालं" म्हणत तो दुरुस्तही केला.

शिडकरांचे आजोबा मचव्यांची शिडं शिवायचे. जाड सुती कापड, मेण लावलेला दोरा आणि सुई रेटायला तळहातावर बांधलेला चामड्याचा पट्टा. तो पट्टा अजून गाळ्यात खिळ्याला टांगलेला आहे. मासेमारीच्या होड्यांवर इंजिनं आली आणि शिडांचं काम बसलं. वडिलांनी ताडपत्र्या शिवल्या, टेंपोचे हूड शिवले. शिडकर पुन्हा शिडाकडे वळले ते हौशी लोकांच्या नौकांमुळे. मुंबई बंदरात अपोलो बंदरासमोर अशा नौका नांगरलेल्या दिसतात. त्यांची शिडं डॅक्रॉनची, म्हणजे घट्ट विणीच्या पॉलिएस्टरची. आपण लांबून पाहतो तेव्हा शीड म्हणजे तिकोनी चादर वाटते, पण ती सपाट नसते. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा अगदी किंचित गोलाईत कापून जोडल्या की शिडाला पोट येतं, आणि त्या पोटावर बोट चालते. ही गोलाई शिडकर खडूने जमिनीवर आखतात. चूक झाली तर ती पाण्यावरच कळते.

गाळ्यात ते स्वतः, एक जुना कारागीर आणि झिगझॅग टीप घालणारी दोन मशीनं. वर्षाची उलाढाल बावीस लाखांच्या आसपास. नवीन शिडं कमी. मुख्य काम दुरुस्ती, आवरणं आणि डेकवरची छपरं. घरात वहिनी, बारा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा. आणि एक जुनी बावीस फुटी बोट, एका गिऱ्हाइकाने बिलाच्या बदल्यात दिलेली.

अडचण

आपल्याकडचा शिडाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर काढतात आणि शिडं घडी करून कुठेतरी कोंबतात. गणपती झाले की मालकांना शिडांची आठवण होते, आणि सगळ्यांना एकदमच होते. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत शिडकरांच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. नेमके त्याच दिवसांत आकाश निवळतं, समुद्र शांत होतो आणि घरची बोट पाण्यात उतरवायची वेळ येते.

२०२४ च्या ऑक्टोबरात ते एकदाही घरच्यांना घेऊन गेले नाहीत. बोट मात्र चार वेळा बाहेर गेली, गिऱ्हाइकांची शिडं लावून बघायला. भाऊबीजेच्या दिवशी थोरलीने विचारलं, "बाबा, बोट आपली आहे की गिऱ्हाइकांची?" शिडकर हसले. वहिनी हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा झाल्या. नोव्हेंबर ते मे, एक आड एक रविवार बोटीचा. मोजले तर १४ भरले. नाताळच्या सुट्टीत २५ डिसेंबर ते ४ जानेवारी, अकरा दिवसांची सफर: मांडवा, रेवदंडा, जंजिरा आणि जमलं तर हर्णैपर्यंत. वहिनींनी खुणा लाल शाईने केल्या. त्या शाळेत शिकवतात, लाल पेन घरात असतंच.

१२ नोव्हेंबरला एका प्रशिक्षण संस्थेचा फोन आला. लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट बोटींसाठी सरावाची ३० शिडं आणि बोटी झाकायची ३० आवरणं हवी होती, १५ जानेवारीपर्यंत. शीड १२,००० रुपये, आवरण २,५००. कर सोडून चार लाख पस्तीस हजारांचं काम. आगाऊ ३० टक्के. इतकी मोठी ऑर्डर गाळ्यात याआधी कधीच आली नव्हती.

समोरचे पर्याय

ऑप्टिमिस्ट म्हणजे सव्वादोन मीटरहून जराशी लांब, टबासारखी दिसणारी बोट. शीड साडेतीन चौरस मीटरच्या आत. शर्यतीत उतरणाऱ्या शिडाला त्या वर्गाच्या संघटनेची मापं आणि शिक्का लागतो. सरावाच्या शिडाला तसं काही नाही, म्हणूनच ही ऑर्डर गावातल्या गाळ्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो. एका शिडाला सात तास, एका आवरणाला तीन. एकूण ३०० तास. नेहमीची दुरुस्ती चालू ठेवायची तर दोघांचे मिळून रोज आठच तास या कामाला मिळत होते. म्हणजे ३८ दिवस. कापड १२ डिसेंबरला येणार, तिथून १५ जानेवारीपर्यंत रविवार वगळून ३० दिवस. सहल सोडून दिली तरी हे गणित बसत नव्हतं.

नकार द्यायचा हा वहिनींचा पहिला कौल होता. "लाल खुणा करून पंधरा दिवस झाले नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. शिडकरांना सगळी ऑर्डर हवी होती. सहल मे महिन्यात करू म्हणाले. मेमध्ये वारा सुटतो, समुद्र खवळायला लागतो, हे त्या खोलीत त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं. म्हणून ते वाक्य कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी सुचवलं की आवरणं बाहेर शिवून घ्या. सरळ टिपांचं काम आहे, शाळेची दप्तरं शिवणारा एक बचतगट जवळच होता. तसं केलं तर ३८ चे २७ दिवस होत होते. शेवटी ठरलं ते असं: संस्थेला हप्ते विचारायचे. १५ जानेवारीपर्यंत १६ शिडं, उरलेली फेब्रुवारीअखेर, आवरणं बचतगटाकडे. संस्था लगेच तयार झाली. तिच्या बोटीच मुळी जानेवारीअखेर यायच्या होत्या, हे नंतर समजलं.

आणि मग, ऑर्डर घेतलीच आहे तर, म्हणून सहल अकरा दिवसांची पाच दिवसांवर आणली.

या निर्णयापाशी मला थांबायचं आहे, कारण पुढच्या अर्ध्या अडचणी इथून निघाल्या. १६ शिडं म्हणजे ११२ तास, म्हणजे १४ दिवस. हातात ३० होते. अकरा दिवसांची सहल त्यात बसत होती. पण ३०० तासांचा आकडा आमच्या डोक्यात असा बसला होता की ऑर्डर अर्धी झाल्यावर तो कुणी पुन्हा मांडलाच नाही. मीही नाही, आणि आकडेमोड हा माझा धंदा. दुसरी चूक त्याला जोडून झाली. दिवस कमी केले, पण ठिकाण तेवढंच लांब ठेवलं. हर्णै गळलं, जंजिरा राहिला.

डिसेंबरची सफर

१८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला एका वेगवान बोटीने धडक दिली आणि त्यात अनेक जीव गेले. वहिनींचे वडील जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात हजर. पोरांना पाण्यावर न्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. तोडगा वहिनींनी काढला: मुंबईच्या बाजूला जायचंच नाही, मांडव्याहून सरळ दक्षिणेला; अंधार पडल्यावर बोट चालवायची नाही; आणि मुलांची लाइफ जाकिटं नवी. तोपर्यंत मुलं मोठ्यांची जाकिटं पट्टे आवळून घालत. मोठं जाकीट पाण्यात वर सरकतं आणि मूल त्यातून निसटतं. वजनाच्या मापाची, पायांमधून पट्टा असलेली दोन जाकिटं आली. मशीनच्या देखभालीसाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले. सासऱ्यांनी संमती दिली नाही, पण निघताना एवढं बजावलं, "सोमवारी अवस आहे. भरती-ओहोटी बघून या."

शनिवारी, २८ डिसेंबरला निघाले. जाताना वाऱ्याने साथ दिली. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर वायव्येचा समुद्री वारा सुटतो, आणि दक्षिणेला जाणाऱ्याला तो मागून मिळतो. खांदेरीला वळसा घालताना थोरलीच्या हातात सुकाणू होतं. पहिला मुक्काम रेवदंड्याच्या खाडीत, दुसरा राजपुरीला. सोमवार जंजिऱ्यात गेला. धाकट्याने कलालबांगडी तोफेची लांबी पावलांनी मोजली.

मंगळवारी परतीला निघाले तेव्हा तोच वायव्येचा वारा तोंडावर होता. वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही. नागमोडी, एकदा इकडे एकदा तिकडे असं वर चढावं लागतं. जाताना चार तासांचा टप्पा, येताना नऊ तासांतही संपेना. दुपारी तीनच्या सुमारास मोठ्या शिडाची मागची कड फडफडायला लागली आणि बघता बघता हातभर शिवण उसवली. कापड शाबूत होतं. दोरा गेला होता. उन्हात आधी दोरा मरतो, कापड नंतर. गिऱ्हाइकाचं शीड आलं की शिडकर पहिल्यांदा शिवणीवर अंगठ्याचं नख घासतात. दोऱ्याचे तुकडे पडले तर शीड परत शिवायचं. स्वतःच्या शिडावर तीन वर्षांत त्यांनी नख फिरवलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शीड उतरवून बोटीला बाहेरून लावलेलं इंजिन चालू केलं. अर्ध्या तासात पाणी ओढायच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली आणि इंजिन तापलं. जाळी साफ करून, थांबत थांबत, सहाला रेवदंड्याच्या तोंडाशी आले. किनाऱ्यावरचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण-एकच्या सुमारास आणि सहा-सातला पूर्ण ओहोटी. त्यातून अवसेची, म्हणजे उतारही मोठा. खाडीच्या तोंडावरच्या वाळूवर बोटीपुरतं पाणी नव्हतं. सासऱ्यांचं वाक्य कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. बाहेर नांगर टाकून साडेतीन तास डुलत बसले. धाकट्याला उलट्या. मोबाइलच्या उजेडात थोरली दर पंधरा मिनिटांनी दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजत होती. तिला ते काम कुणी सांगितलं नव्हतं. साडेनऊला एका मासेमारी बोटीने दोर टाकून आत ओढून नेलं आणि पैसे घ्यायला नकार दिला.

एक जानेवारीला घर गाठलं ते एसटीने. अंधारात बोट चालवायची नाही हा नियम मोडला, आणि तो वहिनींनी घातलेला होता. त्यांनी त्यावर नंतरही काही म्हटलं नाही. शिडकर सांगतात, ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऑर्डर आणि अडकलेलं बिल

कापड १२ ऐवजी १९ डिसेंबरला आलं होतं. रेवदंड्याहून बोट परत आणायला एका मित्राबरोबर जानेवारीत तीन दिवस गेले. त्यात पहिल्या चार शिडांवर, शीड ताठ ठेवणाऱ्या काठ्यांचे खिसे आखूड पडले, ते उसवून पुन्हा घातले. १६ शिडं १८ जानेवारीला पोचली, तीन दिवस उशिरा. संस्थेने कुरकूर केली नाही. फेब्रुवारीत जुना कारागीर आखातात तंबू शिवण्याच्या कामावर गेला. त्याला थांबवण्याइतका पगार देणं शक्य नव्हतं. त्याच्या जागी बचतगटातली एक बाई आली, आवरणं शिवणाऱ्यांपैकीच. झिगझॅगवर तिचा हात तीन आठवड्यांत बसला. उरलेली १४ शिडं ६ मार्चला गेली.

त्यानंतर तीन लाख साडेचार हजार रुपये येणं राहिलं आणि ते येईना. "साहेब सुट्टीवर आहेत", "फाइल वर गेली आहे", "मार्चअखेर आहे, एप्रिलमध्ये बघू". एप्रिलमध्ये शिडकर माझ्याकडे आले की कायद्याने काही करता येतं का.

येतं, पण त्यांना येत नव्हतं, आणि त्यात माझा हलगर्जीपणा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कायद्यात खरेदीदाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार नेता येते. मात्र त्याचा लाभ घ्यायला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, माल देण्याआधीची हवी असं सहसा धरलं जातं. ती नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि फुकट होते. शिडकरांची ती नव्हती. दोन वर्षं मी "या महिन्यात करून टाकू" म्हणत होतो. एप्रिलमध्ये केली, पण गेलेल्या मालाला तिचा उपयोग नव्हता. पैसे २७ जूनला आले, ११३ दिवसांनी, व्याजाशिवाय. तेही शिडकर दोनदा स्वतः जाऊन बसले तेव्हा.

त्या चार महिन्यांत घर वहिनींच्या पगारावर चाललं.

वहिनींचा विचार

मार्चच्या शेवटी, पैसा अडकलेला असताना, वहिनींनी तीन वर्षांची बिलबुकं काढली आणि दुरुस्तीची बिलं महिन्यांप्रमाणे वेगळी केली. निम्म्याहून जास्त सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबरअखेरची होती. त्यांचा प्रश्न साधा होता: जे फाटलेलं शीड सप्टेंबरात येतं, ते मेमध्ये फाटलेलं नसतं का? असतं. पावसाळाभर ते मालकाच्या कपाटात ओलसर पडून असतं आणि वर बुरशीही धरतं. मग ते मेमध्येच आपल्याकडे का येऊ नये?

योजना अशी ठरली. बोट पाण्याबाहेर निघतानाच शीड उतरवून गाळ्यात आणायचं. गोड्या पाण्याने धुवायचं, कारण मीठ राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं. सावलीत वाळवायचं. मोठ्या टेबलावर उजेडात तपासून फोटोंसह मालकाला दुरुस्तीची यादी पाठवायची, आणि ऑक्टोबरपर्यंत कोरड्यात ठेवायचं. सरासरी शिडामागे २,५०० रुपये, निम्मे मेमध्ये, निम्मे परत देताना. दुरुस्तीचं बिल वेगळं. शिडकरांना वाटलं कोणी देणार नाही. ४१ शिडं आली.

धुण्या-वाळवण्याला गाळा अपुरा, म्हणून वहिनींच्या माहेरची नारळाची वाडी. विहिरीचं पाणी, खाली गवत, वर सावली. वेळ ठरली २० मे ते ५ जून. मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून, त्यामुळे आठवडाभर हाताशी राहील असा हिशेब.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी आला. त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. किनाऱ्यावर त्याच्या चार-पाच दिवस आधीपासूनच कोसळत होतं. २३ शिडं वाळून झाली होती. १८ ओली, नारळांमध्ये दोरांवर, वर पाऊस.

रात्री दहा वाजता शिडकर, सासरे आणि वाडीवरचे दोघं ती गुंडाळत होते. गाळ्यात नेली तर ओल तिथल्या वाळलेल्या शिडांना लागणार. पुण्याला न्यावी तर तिथेही पाऊस. मंगल कार्यालय सुचलं सासऱ्यांना. पुढचं लग्न पाच दिवसांनी होतं. मालकाने चार दिवसांचं नाममात्र भाडं सांगितलं. हॉलमध्ये आडव्या दोऱ्या बांधून १८ शिडं टांगली, छतावरचे पंखे लावले, वर भाड्याचे सहा मोठे पंखे. थोरलीने काढलेला फोटो माझ्याकडे आहे: मागे वधूवरांच्या खुर्च्या, पुढे लुगड्यांसारखी ओळीने लोंबणारी शिडं, आणि खाली चटईवर झोपलेले सासरे. ज्यांनी पोरांना पाण्यावर नेऊ नका म्हटलं होतं ते चार रात्री शिडांची राखण करत होते.

सोळा शिडं निर्मळ निघाली, दोनांवर काळे ठिपके आले. पॉलिएस्टरवर बुरशीचे डाग दिसायला वाईट, पण कापडाचं बळ त्याने जात नाही. पातळ केलेल्या ब्लीचने ते फिके पडतात. नव्या बाईला शिडकरांनी तसं दाखवलं. दोनांतलं एक शीड मात्र स्पिनेकर होतं, वाऱ्याच्या पाठीवर धरायचं फुग्यासारखं रंगीत शीड. ते नायलॉनचं असतं, आणि ब्लीच नायलॉनला खातं. हे सांगायचं राहिलं. दुपारी शिडकर परत आले तर तळहाताएवढ्या चार जागी कापड बोटाने फाटत होतं. भरपाई २८,००० रुपये. शिडकरांनी ते बाईच्या पगारातून कापले नाहीत. त्याच आठवड्यात भिंतीवर दोन हुक आले, एक निळा आणि एक लाल. नायलॉनचं शीड लाल हुकालाच.

पावसाळ्यात काम चालू राहिलं. दमट हवेत शिवणीआधीची चिकटपट्टी धरत नाही, दोरा सैल पडतो. हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र घ्यावं लागलं. पण जुलैत गाळ्यात काम आहे आणि रेडिओ चालू आहे, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

निष्पत्ती

४१ पैकी ३८ शिडांच्या मालकांनी पुढच्या मेसाठी नाव नोंदवलं. स्पिनेकरवाल्याचंही त्यात आहे. नवरात्रापर्यंत ३४ शिडं परत गेली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची झुंबड संपली नाही, पण रात्री अकरापर्यंत चालणारं मशीन आठला बंद व्हायला लागलं.

पैशांत बघाल तर वर्ष सपाट गेलं. मोठी ऑर्डर आली, पण तिचा नफा अडकलेल्या महिन्यांतल्या उसनवारीत, स्पिनेकरमध्ये, हॉलमध्ये आणि दमट हवेच्या यंत्रात मुरला. लाल खुणांच्या १४ रविवारांपैकी ८ पार पडले. २०२५ च्या ऑक्टोबरात तीन रविवार बोट बाहेर गेली, तिन्ही वेळा घरचीच माणसं आणि घरचंच शीड. ते शीड आता नव्या दोऱ्याने शिवलेलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ऑर्डर घ्यायला नको होती, असं वहिनी अजून म्हणतात. शिडकर म्हणतात घ्यायलाच हवी होती, तिच्यामुळे बचतगट आणि नवी बाई मिळाली. माझ्या मते वाद ऑर्डरचा नाहीच. ती अर्धी करून घेतल्यावर दिवस पुन्हा मोजले असते तर सहल तोडावी लागली नसती. आणि संस्थेला "तुम्हाला खरंच कधी लागतील?" एवढं विचारलं असतं तर १५ जानेवारीची तारीखही हलली असती. आम्ही भाव केला, तारखेमागचं कारण विचारलं नाही.

सफरीबद्दल सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पाचच दिवस असतील तर शिडकरांनी मित्राबरोबर आधी बोट दक्षिणेला नेऊन ठेवायची आणि घरच्यांना एसटीने बोलवायचं, असं माझं आधी म्हणणं होतं, पण ते उलटं झालं. परतीचा वारा तोंडावर असतो. घरच्यांबरोबर वाऱ्यामागून जायचं, मुलांना एसटीने परत पाठवायचं, आणि वाऱ्यावर चढत बोट आणायचा त्रास मोठ्यांनी सवडीने घ्यायचा. मी आधी बरोबर उलटा सल्ला देत होतो. सासऱ्यांनी भाकरी मोडता मोडता तो दुरुस्त केला. तारखाही पंचमी-षष्ठीच्या आसपासच्या, म्हणजे चारच्या सुमारास भरती आणि खाडीत उजेडी शिरता येतं.

शिडांची पुढची धुणी २५ एप्रिलला सुरू होतील. त्याने मालकांचे मेमधले दोन-तीन रविवार जातात, पण एक जुनं शीड तेवढ्यापुरतं उसनं द्यायची तयारी शिडकरांनी ठेवली आहे. उद्यम क्रमांक आता प्रत्येक बिलावर छापलेला असतो, आणि कोटेशनवर ४५ दिवसांची ओळ मी स्वतः घालतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. थोरलीला ऑप्टिमिस्टच्या शर्यतीत उतरायचं आहे. वयाची मर्यादा पंधरा, म्हणजे हाताशी दोन-तीन हंगाम. संस्थेसाठी शिवताना बाद झालेलं एक शीड, आखूड खिशांचं, गाळ्यात पडून आहे. ती त्याच्यावर सराव करते. शर्यतीत ते चालणार नाही, शिक्क्याचं बाहेरून विकत आणावं लागेल. शिडकरांनी मला त्याची किंमत विचारायला सांगितली आहे, आणि वहिनींना अजून सांगू नका असंही.